कोऱ्या पाकिटांची पिशवी

मी एक जुनी ताडपत्रीची पिशवी आहे. दाराच्या मागे, तिसऱ्या खिळ्याला टांगलेली. मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढे नवल वाटायला नको. मी स्वभावाने घाबरट आहे. इतर पिशव्या भाजी वाहतात, पुस्तके वाहतात, आणि निवांत असतात. भाजीची पिशवी उलटली तर रस्त्यावर चार टोमॅटो घरंगळतात, लोक हसतात आणि वेचूनही देतात. माझ्यातले कागद रस्त्यावर सांडले असते तर ते वेचायला कोणी वाकले नसते, उलट चार पावले मागे सरकले असते. म्हणून आयुष्यभर माझ्या जिवाला घोर लागून राहिला.

माझा जन्म मालधक्क्याजवळच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एक कारागीर ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या शिवत असे. उरलेल्या तुकड्यांतून तो ओळखीच्या लोकांसाठी पिशव्या करायचा. एके दिवशी एक बाई धापा टाकत त्याच्या दारात आल्या. केस अर्धे सुटलेले, काखेत फायली, दातांत पेनाचे टोपण. त्यांची आधीची पिशवी भर चौकात फाटली होती आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"दादा, पावसात भिजणार नाही आणि गर्दीत उघडणार नाही, अशी पिशवी करून द्या," त्या म्हणाल्या. "आणि आत एक चोरकप्पा लागेल. बटणाचा. बाहेरून कळता कामा नये."

"चोरीचा माल ठेवायचाय का काय, बाई?"

"माझं काही नाही हो. लोकांचं असतं."

त्यांचा आवाज असा काही होता की कारागिराने पुन्हा थट्टा केली नाही. त्याने दुहेरी दोऱ्याने माझी शिवण घातली, कोपऱ्यांना चामड्याचे ठिगळ दिले आणि चोरकप्प्याला आतल्याच रंगाचे बटण लावले. ती शिवण आजतागायत उसवलेली नाही. चेन मात्र त्याने बाजारातली लावली, आणि तीच माझी कायमची दुखरी बाजू ठरली. सर्दी झालेल्या पोरासारखी ती अधूनमधून अडते.

त्या बाईंना ऑफिसात सगळे भिंगरी म्हणत, तोंडावर भिंगरीताई. एका जागी त्या बसलेल्या मी क्वचितच पाहिल्या. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दारावर पाटी नव्हती. ती मुद्दाम लावली नव्हती, कारण तिथे येणाऱ्या माणसांना जिना चढताना कोणी पाहिले तरी वाटावे, की झेरॉक्स काढायला आले असतील. ही माणसे एचआयव्हीसह जगणारी होती.

मित्रांनो, हा शब्द ऐकून दचकू नका. मीसुद्धा पहिल्यांदा दचकले होते. पण चोरकप्प्यात इतकी पत्रके वाहिली, की पाठच झाले. हा एक विषाणू आहे. तो हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने, एका खोलीत राहिल्याने लागत नाही. रोज गोळ्या घेतल्या, तर माणूस काम करतो, लेकरे वाढवतो, म्हातारा होतो. मात्र गोळ्या रोज, वेळच्या वेळी घ्याव्या लागतात. आता मला सांगा, ज्याला आज कुठे झोपायचे हेच ठाऊक नाही, त्याने गोळीची वेळ कशी पाळायची? आणि बाटली ठेवायची तरी कुठे? म्हणून भिंगरीताई आधी घर शोधत.

घर शोधणे म्हणजे नुसती खोली शोधणे नव्हे. खोली मिळाली तर दवाखाना दोन बस लांब. दवाखाना जवळ, तर कामाचे ठिकाण लांब. दोन्ही जमले तर शाळा प्रवेश देत नाही. एक टोक ओढावे तर दुसरे निसटते. ताईंच्या डायरीत एकाच पानावर दवाखान्याच्या तारखा, नळ दुरुस्त करणाऱ्याचा नंबर, समुपदेशकाची वेळ आणि एखाद्या घरमालकाच्या गुडघेदुखीची चौकशी असायची. त्यांच्या फोनची घंटा वाजली की मी आकसून जात असे. कारण निम्म्या वेळा पलीकडून एकच वाक्य यायचे, "ताई, खोली सोडायला सांगितलंय."

आणि खोली सोडायला कोणी का सांगते, तर कोणाला तरी कळलेले असते. म्हणून लपवणे हा आमच्या कामाचा अर्धा भाग होता. लोक गोळ्यांच्या बाटल्यांवरचे कागद खरवडून काढत. बाटली खुळखुळू नये म्हणून वर कापूस कोंबत, आणि तो कापसाचा गुंडा नेहमी माझ्यातच असे. ऑफिसातून जे पाकीट बाहेर जाई ते कोरे. वर नाव नाही, शिक्का नाही, काही नाही. ऑफिसातले शिपाईमामा ही पाकिटे तयार करत. झाकणाच्या टोकाला गोंदाचा एकच ठिपका, म्हणजे उघडताना फाटायला नको. सगळी पाकिटे सारखीच असल्यामुळे मामांनी एक खूण ठरवली होती. जे पाकीट दवाखान्यात द्यायचे, त्याचा उजवा कोपरा दुमडायचा. ज्याचा कोपरा सरळ, ते दुसऱ्या कोणाला दिले तरी चालेल. मामांना या युक्तीचा फार अभिमान होता. "कुणाच्या बापाला कळणार नाही," ते म्हणत. त्यांचे म्हणणे खरे होते, पण कोपरा आणखी कशाने दुमडू शकतो, हे त्यांच्या ध्यानात आले नव्हते.

आता मी तुम्हाला त्या रंगाऱ्याची गोष्ट सांगते. ती सांगितल्यावाचून माझे आत्मवृत्त पुरे होणार नाही, आणि त्यात माझाही अपराध आहे.

हा रंगारी घरांना रंग देण्याचे काम करी. बारीक अंगाचा, नखांत कायम कुठला तरी रंग. बायको वारलेली, दहा वर्षांची एक मुलगी. तो भावाकडे राहत होता. एकदा गादी झटकताना वहिनीला दवाखान्याचा एक कागद सापडला. त्या दिवशी त्याचे ताट वेगळे झाले, आठवड्याने अंथरूण पडवीत आले आणि महिन्याने तो स्वतःच रस्त्यावर आला. मुलीला मावशीने नेले, पण तिनेही बजावले होते, की शाळा सुरू होईपर्यंतच. शाळा सोमवारी सुरू होणार होती. रंगारी ज्या निवाऱ्यात झोपत होता, तिथली त्याची मुदत शुक्रवारी संपत होती. बाटलीत दोन दिवसांच्या गोळ्या उरल्या होत्या. तो दिवस बुधवार होता.

ताईंनी तीन आठवडे शहर पालथे घालून एकच जागा जमवली होती. तिथून नवा दवाखाना पायी पंधरा मिनिटांवर, शाळा समोरच. अडचण एकच होती, आणि ती म्हणजे घरमालकीण. बाई एकेकाळी सिनेमाच्या तिकीट खिडकीवर बसत. कोण कोणाबरोबर आले, कोण एकटे आले, कोण मध्यंतरातच उठून गेले, हे सगळे त्यांना तोंडपाठ. नोकरी संपली पण सवय राहिली. गल्लीत त्यांना बातमीबाई म्हणत. त्यांना सकाळी कळलेली गोष्ट दुपारपर्यंत कोपऱ्यावरच्या न्हाव्याला कळे. ताई या गल्लीला दोन वर्षे टाळत आल्या होत्या. पण अडला हरी म्हणतात तशातली गत, दुसरी जागाच नव्हती.

त्या सकाळी मामांनी दोन पाकिटे माझ्या चोरकप्प्यात सरकवली. सरळ कोपऱ्याचे बातमीबाईंसाठी. त्यात संस्थेचे जामीनपत्र आणि रंगाऱ्याच्या कामाचा दाखला. दुमडलेल्या कोपऱ्याचे नव्या दवाखान्यासाठी. त्यात त्याच्या आजाराचा सगळा इतिहास आणि फाईल इकडे पाठवल्याचे पत्र. मग ताईंनी नव्या खोलीसाठी घेतलेले लोखंडी कुलूप माझ्यात टाकले. चांगले वजनदार, मुठीएवढे. बसच्या धक्क्यांनी ते घरंगळत आले आणि चोरकप्प्याच्या कापडावर रेलून बसले. मला ते जाणवत होते. सरळ कोपरा हळूहळू मुडपत गेला तेही मला कळले. पण पिशवीने ओरडायचे कुठल्या तोंडाने?

रंगाऱ्याला घेऊन आम्ही पोहोचलो तेव्हा बातमीबाई अंगणातच उभ्या होत्या. गाऊनच्या दोन्ही खिशांत काहीबाही कोंबलेले.

"हेच का रंगारी? फारच वाळलेत हो. जेवता की नाही वेळेवर?"

"जेवतो की. अंगाला लागत नाही, भिंतीला लागतं सगळं," रंगारी म्हणाला.

बाई हसल्या. रंगाऱ्याला ताईंनी कमी बोलायला सांगितले होते, पण त्याचे हे उत्तर कामाला आले. मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. बायको कशी गेली? मुलगी कितवीत आहे? भावाचं घर का सोडलं? "भांडण झालं का?" या प्रश्नावर रंगाऱ्याने ताईंकडे पाहिले. "घर लहान पडायला लागलं," ताई घाईघाईने म्हणाल्या आणि उत्तराबरोबरच त्यांनी माझी चेन ओढली, बटण काढले, आत हात घातला. दोन पाकिटे, दोन्हींचे कोपरे दुमडलेले. त्यांनी आत पाहिले असते तर थांबल्या असत्या. पण समोरच्या बाईचे डोळे माझ्यावर खिळले होते, म्हणून त्यांनी न पाहताच बोटांनी एक ओढले. ते दवाखान्याचे होते.

"संस्थेचं पत्र आहे. सगळं लिहिलंय त्यात," ताई म्हणाल्या.

"वाचते निवांत. चार वाजता या, किल्ली देते."

मित्रांनो, चुकीचे पाकीट गेले हे एकट्या मला कळले होते. ताई मात्र हलक्या पावलांनी चालत होत्या. रंगारी वाटेवरच्या घरांच्या भिंती पाहत जात होता. "हे काम कुणी केलंय? रंग दिलाय का रंग सांडलाय?" असे काहीतरी तो बोलत होता. मुलीला कोणत्या भिंतीशी झोपवायचे, कुठून वारा येतो, हेही त्याने ठरवून टाकले होते. त्याचे ते बोलणे ऐकवत नव्हते.

दवाखान्यात खिडकीवर एक नर्सबाई होत्या. ताईंनी पाकीट दिले. नर्सबाईंनी उघडले, वाचले, पुन्हा वाचले.

"हे जामीनपत्र आहे. मला काय करायचंय याचं? फाईलचं पत्र कुठंय?"

ताईंनी मला काउंटरवर उपडे केले. कुलूप, कापूस, डायरी, बसची तिकिटे, अर्धा पाव. दुसरे पाकीट नव्हते.

रंगाऱ्याला समजायला वेळ लागला नाही. तो बाकावर बसला. चढलेला आवाज नव्हता त्याचा, तो उतरलेला होता, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटली.

"ताई, भावाच्या घरीसुद्धा कागदानंच घात केला होता."

"मी आणते परत. आत्ता जाते."

"काय उपयोग? त्या बाईनं वाचलंही असेल. माझं नाव, रोगाचं नाव, सगळं आहे ना त्यात? वर नुसतं 'दवाखाना' एवढं लिहिलं असतं तरी..."

"वर काही लिहायचं नाही, हा नियम आपण तुमच्याचसाठी केला होता," ताई म्हणाल्या आणि सांडलेल्या वस्तू माझ्यात भरू लागल्या. मग म्हणाल्या, "चूक माझी आहे. बघून द्यायला हवं होतं."

चूक कुलपाची आणि माझीही होती, पण मला कोण विचारतो?

ताईंनी फोन काढला आणि परत ठेवला. काय सांगणार होत्या? "पाकीट उघडू नका" असे बातमीबाईंना सांगणे म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणे. नर्सबाई म्हणाल्या, "नवीन फायली एकपर्यंतच घेतो. आज नाही जमलं तर मग थेट शनिवारी." शनिवारपर्यंत गोळ्या पुरणार नव्हत्या. घड्याळात बाराला दहा कमी होते.

पंधरा मिनिटांचा तो रस्ता त्या दोघांनी कसा कापला ते मी सांगू शकत नाही, कारण मी सारखी ताईंच्या कमरेवर आपटत होते. एवढे ऐकू आले, की ताई पुटपुटत होत्या, "चष्मा नसू दे. दारात कोणी आलेलं असू दे. दूध उतू गेलेलं असू दे." मी आयुष्यात प्रथमच कोणाचे तरी दूध उतू जावे अशी प्रार्थना केली.

अंगणात बातमीबाई दोन शेजारणींबरोबर वाटाणे सोलत बसल्या होत्या. आम्ही फाटकातून आत शिरलो आणि तिघीही एकदम गप्प झाल्या. बायकांची बैठक अशी एकाएकी गप्प होते तेव्हा बोलणे कोणाबद्दल चालले होते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. रंगारी फाटकाशीच थांबला. परत फिरण्याच्या बेतात त्याचा एक पाय बाहेरच होता.

ताईंनी तोंड उघडण्याआधीच बातमीबाई उठल्या.

"अहो, तुमचं पाकीट घ्या बरं. वर नाव नाही, गाव नाही. म्हटलं चष्मा सापडला की बघू, तर मेला तोही सापडेना. माझं नव्हतंच ना हे?"

"नाही, नाही. दुसऱ्या ऑफिसचं आहे," ताई म्हणाल्या. "चुकून दिलं. तुमचं हे."

"तरी म्हटलं. बरं झालं, नाही उघडलं."

त्यांनी पाकीट ताईंच्या हातात दिले, ताईंनी ते माझ्या चोरकप्प्यात घातले आणि बटण लावले. फाटकाबाहेरचा रंगाऱ्याचा पाय आत आला. मला मात्र वेगळेच काही जाणवले. मामा टोकाला एक ठिपका लावतात, हे मी सांगितलेच आहे. आता त्या पाकिटाचे झाकण या कडेपासून त्या कडेपर्यंत चिकटवलेले होते, आणि गोंद अजून ओला होता. त्याचा ओलावा माझ्या अस्तराला लागत होता. बाईंनी ते उघडले होते, वाचले होते आणि पुन्हा बंद केले होते.

एवढ्यावर भागले नाही. ताईंनी दिलेले जामीनपत्र बाईंनी तिथेच उघडले, गाऊनच्या खिशातून चष्मा काढला, नाकावर चढवला आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सगळे वाचून काढले. "रंगकामाचा बावीस वर्षांचा अनुभव. बघा गं, बावीस वर्षं!" ताई घड्याळाकडे पाहत होत्या. रंगारी आपल्या चपलांकडे पाहत होता. न सापडणारा चष्मा खिशातून कसा निघाला, हे माझ्याखेरीज कोणाच्याही लक्षात आले नाही, असे मला तेव्हा वाटले.

एकला पाच मिनिटे असताना फाईल जमा झाली. गोळ्या मिळाल्या. चार वाजता किल्ली मिळाली. शनिवारी मुलगी आली. सगळ्यांच्या लेखी गोष्ट संपली, पण माझ्यासाठी ती तिथून सुरू झाली. मला एकटीला ठाऊक होते, की गल्लीतल्या सगळ्यात सैल जिभेपाशी रंगाऱ्याचे गुपित आहे. आज नाही तर उद्या, ती कोणाला तरी सांगणार. फोन वाजला की मला वाटे, झाले, आला तो फोन. रंगाऱ्याचा फोन येई तो नळाचा, शाळेच्या दाखल्याचा, मुलीच्या दातदुखीचा. ताई हसून बोलत आणि मी खुर्चीच्या पाठीवर लटकून घामाघूम होत असे. ऑफिसात मामांनी दुमडलेल्या कोपऱ्याची युक्ती मोडीत काढली आणि दवाखान्याची पाकिटे ताईंच्या डायरीत ठेवायला सुरुवात केली. त्याने पुढचे अपघात टळले. माझी काळजी तिळभरही कमी झाली नाही.

असे आठ महिने गेले. ताई नेहमीप्रमाणे खोली पाहायला, म्हणजे कुठे काही अडले आहे का ते विचारायला गेल्या. रंगारी कामावरून यायचा होता. बातमीबाईंनी ताईंना अंगणात बसवले आणि मला खुर्चीला अडकवले. पायरीवर रंगाऱ्याची मुलगी बाईंच्या ताटलीतून भाजलेले शेंगदाणे खात गणिते सोडवत होती. त्या दोन शेजारणींपैकी एक तिथेच होती. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग शेजारीण आवाज खाली आणून म्हणाली, "काय हो, तुमचा भाडेकरू दर महिन्याला त्या दवाखान्यात का जातो? आमच्या ह्यांनी दोनदा बघितला. काही भलतंसलतं तर नाही ना?"

ताईंनी माझा पट्टा इतक्या जोरात धरला, की दुहेरी शिवणही करकरली. मी मनाशी म्हटले, आता. आठ महिने जी गोष्ट बाईंनी पोटात ठेवली, ती आता बाहेर पडणार. इतकी चांगली संधी बातमीबाईंच्या हातून आजवर कधी सुटली होती?

बातमीबाईंनी एक शेंगदाणा सोलला.

"अगं, रंगाची वाफ जाते ना छातीत. बावीस वर्षं! फुप्फुसं तपासून घ्यावी लागतात दर महिन्याला. त्याच्या ठेकेदाराची सक्तीच आहे तशी. तुझ्या ह्यांना सांग, ते सिगारेट ओढतात ना, त्यांनीही जावं एकदा. आणि हो, काल तुमच्याकडे भांडं आपटल्याचा आवाज आला तो कसला गं?"

शेजारणीला एकदम घरी काहीतरी काम आठवले.

ताई थक्क होऊन बाईंकडे पाहत राहिल्या. ठेकेदाराची अशी कुठलीच सक्ती नव्हती. रंगाऱ्याने तसे सांगितलेले नव्हते, ताईंनीही नाही. ही बातमी बाईंनी जागच्या जागी तयार केली होती. ज्याला खरी गोष्ट ठाऊक असते, त्यालाच इतकी बेतशीर खोटी गोष्ट सुचते. बाई ताईंच्या नजरेला नजर न देता ताटली उचलून आत गेल्या.

रंगारी आला तेव्हा ताईंनी त्याला जिन्यातच गाठले.

"बाईंना माहीत आहे," ताई कुजबुजल्या. "पाकीट वाचलंय त्यांनी. त्याच दिवशी."

रंगारी हातावरचा वाळलेला रंग खरवडत होता. तो मुळीच दचकला नाही.

"मला ठाऊक आहे ताई. पहिल्या आठवड्यातच कळलं."

"त्या बोलल्या काही?"

"नाही ना! तिथंच तर कळलं. बाईनं मला सगळं विचारलं. बायकोचं माहेर विचारलं, भावाशी काय झालं ते विचारलं, घोरतो का तेसुद्धा विचारलं. मी दर महिन्याला सकाळी अंघोळ करून, हातात पिशवी घेऊन, तिच्या समोरून जातो, आणि ही बाई मला 'कुठं निघालात' एवढं मात्र कधीच विचारत नाही. अख्ख्या गल्लीला विचारते. मला नाही."

ताई जिन्याच्या पायरीवर बसल्या. पहिल्यांदाच मी त्यांना कामाच्या वेळेत असे अंग सैल सोडून बसलेले पाहिले.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला आणखी एक काळजी लागली असती," रंगारी म्हणाला. "तुमच्याकडे काय कमी आहेत?"

ताई हसायला लागल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे माझ्या पट्ट्याला पुसले. मला त्याचे काही वाटले नाही. आठ महिन्यांत प्रथमच माझी आतली शिवण सैल पडली होती.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले. चेन पुरती बिघडली आहे. भिंगरीताईंच्या जागी नवी मुलगी आली आहे. तिच्याकडे आकड्यांच्या कुलपाची कडक बॅग आहे आणि ती कागद कॉम्प्युटरमध्ये ठेवते. माझ्यात आता मामांची फडकी असतात. वाईट वाटते थोडेसे, नाही असे नाही. पण फोनची घंटा आजही वाजते आणि मी आजही आकसते. कारण खोली सोडायला सांगणारे अजून आहेत.

मी कधीच कोणाकडे काही मागितले नाही. आज एक मागते. दुसऱ्याचे पाकीट चुकून तुमच्या हाती आले, तर उघडू नका. आणि उघडले गेलेच, कारण माणूस चुकतो, तर आधी त्यात ज्याचे नाव आहे, त्याला कुठे झोपायचे आहे याचा विचार करा. मग गोंद घ्या, आणि ते या कडेपासून त्या कडेपर्यंत नीट चिकटवा.